घर दाखवणारा माणूस कोणाचा?

अनोळखी गावात किंवा अनोळखी भागात घर विकत घ्यायचं असेल, तर एजंटची मदत घ्यावी का, आणि घेतलीच तर ती कशी घ्यावी, हा आजचा विषय आहे. आपल्यापैकी बहुतेकजण आयुष्यात घर एकदा घेतात, फार तर दोनदा. समोर बसलेल्या एजंटचा मात्र तो रोजचा धंदा असतो. हा फरक डोक्यात ठेवूनच पुढचं ऐका.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, अकोल्याचं एक जोडपं आहे. काका शिक्षक होते, आता निवृत्त झालेत. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. अकोल्यातलं घर विकून आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घालून पुण्यात ऐंशी-पंच्याऐंशी लाखांचा जुना, म्हणजे पुनर्विक्रीचा फ्लॅट घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. कर्ज नाही. पण हा व्यवहार चुकला तर दुसऱ्यांदा उभं राहायला वयही नाही आणि पैसाही नाही.

नव्या भागात नेमकं काय कळत नाही?

अकोल्यात काकांना सगळं माहीत आहे. कुठल्या गल्लीत पाणी कधी येतं, कुठल्या बिल्डरने कोणाला रडवलं, कुठल्या प्लॉटवर भावाभावांचा दावा चालू आहे. हे ज्ञान त्यांनी कुठे शिकलेलं नाही. चाळीस वर्षं तिथं राहून ते आपोआप अंगात मुरलं आहे. पुण्यात त्यातलं काहीच त्यांच्याकडे नाही.

आता हे जोडपं जानेवारीत, सकाळी अकरा वाजता सिंहगड रस्त्यावर घर बघायला आलं, तर त्यांना काय दिसेल? छान ऊन, जवळच नदी, मोकळी हवा. पण २५ जुलै २०२४ ला याच परिसरातल्या एकतानगरीत मुठेचं पाणी घरांमध्ये शिरलं होतं. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला आणि ओढ्याकाठच्या वस्त्यांची वाताहत झाली. पुणेकराला हे सांगावं लागत नाही. अकोल्याच्या माणसाला ते जानेवारीतल्या उन्हात दिसणार नाही.

तीच गोष्ट पाण्याची. वाघोलीसारख्या वेगाने वाढलेल्या उपनगरांत अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून असतात. नळ उघडला की पाणी येतं, म्हणून पाहुण्याला शंका येत नाही. पण टँकरचं बिल महिन्याच्या देखभाल खर्चात येतं आणि उन्हाळ्यात ते वाढतं. शिवाय समोरची मोकळी जागा बाग म्हणून राहणार आहे की तिथून विकास आराखड्यातला रस्ता जाणार आहे, हेही नुसतं बघून कळत नाही.

कायदा इथे किती मदत करतो? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ५५ सांगतं की मालमत्तेत किंवा मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडला नसता, तर तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा. पण या वाक्यातले ‘साधारण काळजी घेऊनही’ हे शब्द बघा. टँकर आणि पूर यांची माहिती शेजाऱ्याला विचारली असती तर मिळाली असती, असं समोरचा म्हणू शकतो. म्हणजे परक्या माणसाला ज्या गोष्टी कळत नाहीत, नेमक्या त्याच बाबतीत कायद्याचा आधार कमकुवत पडतो. म्हणून स्थानिक माणूस लागतो. इथपर्यंत एजंटची गरज मला मान्यच आहे.

पैसे कोणाकडून, त्यावर निष्ठा कोणाशी

आता हा स्थानिक माणूस काम कोणासाठी करतो? आपल्याकडे पुनर्विक्रीच्या व्यवहारात एजंट साधारण एक ते दोन टक्के दलाली घेतो, आणि पुष्कळदा एकच एजंट ती दोन्ही बाजूंकडून घेतो. नव्या प्रकल्पात चित्र थोडं वेगळं असतं. तिथे एजंटला बिल्डर कमिशन देतो आणि त्याला म्हणतात चॅनल पार्टनर. तुम्हाला तो सांगतो, ‘साहेब, माझी सेवा तुम्हाला फुकट.’ फुकट अर्थातच नसते. त्याचा खर्च फ्लॅटच्या किमतीत बसलेला असतो, आणि त्याला पैसे देणारा बिल्डर असतो, तुम्ही नाही.

एक साधा हिशोब करू. फ्लॅट पंच्याऐंशी लाखांचा आहे. तुमच्याकडून एक टक्का दलाली म्हणजे पंच्याऐंशी हजार. एजंटने घासाघीस करून किंमत तीन लाखांनी उतरवली, तर तुमचे तीन लाख वाचतात. त्याचं काय होतं? त्याची दलाली तीन हजारांनी कमी होते. आणि त्याने तुम्हाला प्रामाणिकपणे सांगितलं, ‘काका, हे घर घेऊ नका, इथं पाण्याचा त्रास आहे,’ तर त्याचे सगळे पंच्याऐंशी हजार गेले. दोन्ही बाजूंचा एजंट असेल तर एक लाख सत्तर हजार गेले.

एजंट लबाड असतात, असं मला म्हणायचं नाही. अनेकजण सचोटीने काम करतात, ऊन्हातान्हात वीस-वीस घरं दाखवतात आणि शेवटी गिऱ्हाईक त्यांना टाळून थेट मालकाशी व्यवहार करतं, हेही होतं. मुद्दा स्वभावाचा नाही, मोबदल्याच्या रचनेचा आहे. ज्याला पैसे फक्त व्यवहार झाल्यावर मिळतात, त्याचं हित व्यवहार होण्यात असतं. तुमचं हित मात्र योग्य घर मिळण्यात, आणि प्रसंगी व्यवहार न होण्यात असतं.

अमेरिकेत हा प्रश्न कसा सुटत गेला

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ‘बायर्स एजंट’, म्हणजे खरेदीदाराचा एजंट, ही वेगळी भूमिका आहे. तिथे नोकरीनिमित्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन घर घेणारी कितीतरी मराठी कुटुंबं आहेत, त्यांना हा शब्द ओळखीचा असेल. पण ही भूमिकाही आयती आलेली नाही.

जुन्या पद्धतीत घर दाखवणारा एजंट दिवसभर तुमच्याबरोबर फिरायचा, तुमचं बजेट विचारायचा, तुमच्या मुलांच्या शाळेची चौकशी करायचा. पण कायद्याने तो विकणाऱ्याचा उप-एजंट असायचा. तुम्ही त्याला विश्वासाने सांगितलंत की ‘वेळ पडली तर आणखी दहा हजार डॉलर देऊ’, तर ते विकणाऱ्याच्या कानावर घालणं हे त्याचं कर्तव्य ठरायचं! फेडरल ट्रेड कमिशनच्या १९८३ च्या अहवालात दिसून आलं की बहुसंख्य खरेदीदार त्या एजंटला आपलाच माणूस समजत होते. पुढे १९९० च्या दशकात ही उप-एजंटची पद्धत मागे पडली आणि खरेदीदाराचा स्वतंत्र एजंट रूढ झाला.

तरी पैशाचा प्रश्न उरलाच. विकणारा साधारण पाच-सहा टक्के कमिशन द्यायचा आणि त्यातलाच वाटा खरेदीदाराच्या एजंटला मिळायचा. माणूस तुमचा, पण पगार समोरच्याच्या खिशातून. यावर खटले झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या ज्यूरीने एजंटांची राष्ट्रीय संघटना आणि काही मोठ्या कंपन्यांविरुद्ध सुमारे १७८ कोटी डॉलरच्या भरपाईचा निर्णय दिला. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम आले. त्यातला आपल्या कामाचा नियम असा: या व्यवस्थेतल्या एजंटने घर दाखवण्याआधीच खरेदीदाराशी लेखी करार करायचा. मोबदला नेमका किती, हे त्यात स्पष्ट लिहायचं, आणि तो वाटाघाटीने ठरतो, कायद्याने ठरलेला नसतो, हेही लिहायचं.

दोन्ही बाजूंचा एकच एजंट असण्याबद्दल तिथल्या राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. फ्लोरिडा आणि कोलोरॅडो या राज्यांत एकाच व्यवहारात दोन्ही पक्षांचा प्रतिनिधी होता येत नाही. आपल्याकडे मात्र ही रोजची रीत आहे.

आपला कायदा काय देतो

आपल्याकडे काहीच आधार नाही असं समजू नका. भारतीय करार अधिनियम १८७२ मध्ये एजंटच्या कर्तव्यांची कलमंच्या कलमं आहेत. ज्याने नेमलं त्याच्या सूचनेप्रमाणे वागायचं, नेकीने आणि कौशल्याने काम करायचं, मागेल तेव्हा हिशोब द्यायचा. कलम २१६ मध्ये तर उदाहरणच घरखरेदीचं आहे. एक माणूस आपल्या एजंटला एक विशिष्ट घर आपल्यासाठी विकत घ्यायला सांगतो. एजंट येऊन सांगतो की ते घर मिळत नाही, आणि गुपचूप स्वतःच ते विकत घेतो. हे उघडकीला आलं की मालक त्याला भाग पाडू शकतो, की ज्या किमतीला घेतलंस त्याच किमतीला ते मला दे. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना हा धोका माहीत होता!

फक्त अडचण अशी, की ही कर्तव्यं लागू व्हायला तो तुमचा एजंट आहे हे सिद्ध व्हावं लागतं. ‘चला, दोन फ्लॅट दाखवतो’ एवढ्या तोंडी बोलण्यावर ते सिद्ध करणं अवघड जातं.

मग रेरा? २०१६ चा रेरा कायदा एजंटांना नोंदणी बंधनकारक करतो. ही नोंदणीची तरतूद १ मे २०१७ पासून अमलात आली. नोंदणी नसताना काम केलं तर दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. महारेराने २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. पण ही नोंदणीची सक्ती आहे ती बिल्डर विकत असलेल्या, नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. आपल्या काकांसारखं कोणी जुन्या सोसायटीतला फ्लॅट त्याच्या मालकाकडून घेत असेल, तर तो व्यवहार या सक्तीच्या बाहेर राहतो. म्हणून एजंटकडे महारेराचा क्रमांक आहे का ते विचारा आणि संकेतस्थळावर तपासा. पण तेवढ्यावर थांबू नका. तो क्रमांक नोंदणी झाल्याचं सांगतो, तुमची बाजू घेण्याचं वचन देत नाही.

नेमायचा कसा

आता मुख्य गोष्ट. केवळ खरेदीदारासाठी काम करणारे एजंट आपल्याकडे थोडे आहेत. पण चांगल्या स्थानिक एजंटशी करार करून त्याला तुमच्या बाजूचा करता येतं. करार दोन पानांचा पुरतो. त्यात पाच गोष्टी हव्यात.

पहिली, तो या व्यवहारात फक्त तुमच्या वतीने काम करेल हे वाक्य. दुसरी, विकणाऱ्याकडून, बिल्डरकडून किंवा कर्ज देणाऱ्या बँकेकडून तो काही घेणार नाही; घेतलंच तर तुम्हाला लेखी कळवेल आणि ती रक्कम तुमच्या फीमधून वजा होईल. तिसरी, कुठला भाग आणि किती मुदत. तीन महिने ठीक असतात. चौथी, काम नेमकं काय: पसंतीच्या प्रत्येक घराबद्दल पाणी, पूररेषा, आराखड्यातली आरक्षणं, सोसायटीची थकबाकी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची लेखी टिपणी.

पाचवी गोष्ट लोकांना पटायला जड जाते. मोबदला टक्क्यांत ठरवू नका, ठरावीक रकमेत ठरवा. आणि त्यातला काही भाग घर नाकारलं तरी द्या. ‘न घेतलेल्या घराचे पैसे का द्यायचे?’ असं वाटेल. पण मघाचा हिशोब आठवा. ‘घेऊ नका’ हे सांगण्याचे पैसे त्याला कोणीच देत नाही, म्हणून तो ते सांगत नाही. तुम्हाला जो सल्ला सगळ्यात जास्त हवा आहे, त्याचेच पैसे तुम्ही देत नसाल, तर तो मिळायचा कसा?

एजंट असा करार करायला तयार नसेल तर त्यात रागावण्यासारखं काही नाही. तो दोन्हीकडचा मध्यस्थ आहे, हे कळलं, एवढंच. त्याच्याकडून घरं बघा. पण आपलं बजेट, घाई आणि अडचण त्याला सांगू नका. ‘मुलीचं लग्न मेमध्ये आहे, त्याआधी राहायला यायचंय’ हे वाक्य काही लाखांना पडू शकतं.

एजंटवर सोपवू नयेत अशी कामं

वकील तुमचा हवा, एजंटने सुचवलेला नको. तीस वर्षांचा शोध अहवाल, आधीच्या खरेदीखतांची साखळी, इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का किंवा मानीव अभिहस्तांतरण झालंय का, हे वकिलाचं काम. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा. या दोघांची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते.

किंमत स्वतः तपासा. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ सुविधेत नोंदवलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन बघता येते. त्याच इमारतीतले गेल्या दोन-तीन वर्षांतले फ्लॅट कुठल्या रकमेला नोंदले गेले, हे तिथे दिसतं. ‘इथं याच्या खाली काही जातच नाही’ असं कोणी म्हणालं, तर तुमच्या हातात कागद असतो.

टोकनची घाई करू नका. ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ हे वाक्य तुम्ही ऐकणार आहात, आत्ताच सांगून ठेवतो. विसार द्यायचाच तर चेकने, मालकाच्या नावाने द्या. आणि कागदपत्रांत दोष निघाला तर रक्कम परत मिळेल असं विसारपावतीवर लिहून घ्या. एजंटच्या हातात रोख देऊ नका.

आणि जमलं तर आधी त्याच भागात अकरा महिने भाड्याने राहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तिथे काढला की जे कळतं, ते कुठल्याच एजंटच्या टिपणीत येत नाही. आपल्या काका-काकूंना मी तर हेच सुचवेन.

श्रोत्यांचे प्रश्न

*एजंट नात्यातलाच आहे. त्याच्याकडून लिहून कसं घ्यायचं? वाईट दिसतं.*

वाईट दिसेल, खरं आहे. पण नात्यातल्या माणसाला व्यवहारानंतरही घरी यायचं असतं, म्हणून उलट तिथे लेखी जास्त गरजेचं. ‘तुझी मेहनत फुकट जाऊ नये म्हणून तुझी फी लिहून ठेवू’ अशी सुरुवात करा. बाकीचे मुद्दे त्याच कागदावर येतात.

*मुलगा अमेरिकेत आहे, घर त्याच्या नावावर पुण्यात घ्यायचंय. एजंटला मुखत्यारपत्र दिलं तर चालेल का?*

कायद्याने देता येतं. मी देऊ नका म्हणेन. ज्याला व्यवहार झाल्यावर पैसे मिळणार आहेत, त्याच्याच हातात सही करण्याचा अधिकार कशाला? तुम्ही स्वतः किंवा जवळचा नातेवाईक मुखत्यार व्हा. आणि ते सर्वसाधारण नको, याच एका घरापुरतं विशेष मुखत्यारपत्र करा. परदेशात केलेला असा कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ते विसरू नका.

*एवढं सगळं करण्यापेक्षा एजंट न घेताच व्यवहार केला तर?*

ओळखीच्या भागात जरूर करा. तिथे एजंटची माहिती तुमच्याकडे आधीच असते, फक्त वकील पुरतो. अनोळखी भागात मात्र एजंट टाळला की दलाली वाचते, माहितीची उणीव तशीच राहते. मग ती शेजाऱ्यांना, वॉचमनला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारून भरून काढावी लागते. वेळ असेल तर तेही करा. इस्त्रीवाल्याला दलाली मिळणार नसते, त्यामुळे पाणी किती वाजता येतं हे तो खरं सांगतो.

आज इथेच थांबू.